दिव्यांचा ठराव आणि घरांचा ठराव



दिवाळीच्या आसपास मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये दरवर्षी एक ठराव वाचला जातो. ज्याअर्थी दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे, ज्याअर्थी भारतीय रहिवाशांनी गावाच्या जीवनात मोलाची भर घातली आहे, ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक. असे पाच-सहा 'ज्याअर्थी' झाले की एक 'त्याअर्थी' येतो आणि टाळ्या पडतात. महापौरांना कोणीतरी कुर्ता भेट दिलेला असतो, तो ते शर्टावरूनच चढवतात. लाडू वाटले जातात. फोटो निघतो आणि रात्रीपर्यंत चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरून येतो. महिन्याभराने त्याच इमारतीसमोर ख्रिसमसच्या झाडावर दिवे लागतात, शेजारी मेनोरा उभी राहते, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवे कौन्सिल शपथ घेते. सणांचा हंगाम आटोपतो.

याच अडीच-तीन महिन्यांत, त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर बसून आणखी एका प्रकारचे ठराव होतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. पण आपल्या गावात यापुढे कोणाला राहता येईल आणि कोणाला नाही, हे त्यांच्यावर ठरते. दिव्यांच्या ठरावाला आपली शे-दीडशे माणसे सहज जमतात. घरांच्या ठरावाला बहुधा एकही नसते, आणि असलेच तर ते विरोध करायला आलेले असते. मला आज या दुसऱ्या ठरावाबद्दल लिहायचे आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. दिव्यांचा ठराव आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीचे पत्र जर्सी सिटीच्या स्थानिक वृत्तपत्रात छापून आले होते. टिकली लावणाऱ्यांना शहरातून हुसकून लावू, असा त्याचा मतलब. त्याच वर्षी सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना बेदम मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. नावावरूनच कळेल की ते पारशी होते. टिकलीशी त्यांचा काय संबंध? द्वेषाला एवढा तपशील लागत नाही. त्या काळात आपले लोक सिटी हॉलच्या पायऱ्या चढले ते शुभेच्छांसाठी नव्हे, संरक्षण मागायला. पुढे नव्वदच्या दशकात एडिसनमधला नवरात्रीचा गरबा रात्री किती वाजता थांबवायचा, यावरून प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेले. २०१७ साली त्याच एडिसनमध्ये शाळामंडळाच्या निवडणुकीच्या तोंडावर दोन आशियाई उमेदवारांना 'डिपोर्ट' करा असे सांगणारी पोस्टकार्डे घरोघरी पडली. आणि २०२२ च्या १ जानेवारीला एडिसनच्या महापौरपदी सॅम जोशी आले, तिथले पहिले भारतीय वंशाचे महापौर. लाखभर वस्तीच्या गावाने पस्तीस वर्षांत एवढा पल्ला गाठला.

शाळांच्या सुट्टीचेही तसेच. न्यू यॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणाऱ्या कायद्यावर २०२३ च्या नोव्हेंबरात सही झाली. त्या वर्षी दिवाळी नेमकी रविवारी होती, त्यामुळे सुट्टीचा खरा लाभ २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला झाला. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या अधिकृत सणांत जागा दिली. आमच्या भागातल्या बऱ्याच शाळा दिवाळीला बंद असतात. थोडक्यात, हे भांडण आपण बरेचसे जिंकलो आहोत.

आपल्यातल्या काही मित्रांना हेही पटत नाही. सरकारी इमारतीसमोर कुठल्याच धर्माचे दिवे नकोत, असे ते म्हणतात. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, पण अमेरिकेतला व्यवहार फार पूर्वीच वेगळ्या वाटेने गेला. १९८४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, सांताक्लॉज, रेनडिअर वगैरे मंडळींच्या गर्दीत येशूजन्माचा देखावा नगरपालिकेने मांडला तर चालेल. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या खटल्यात कोर्ट म्हणाले, कोर्टाच्या जिन्यावर एकटा देखावा चालणार नाही, पण पंचेचाळीस फुटी ख्रिसमस ट्रीच्या शेजारी मेनोरा चालेल. मग वकिलांनी याला 'प्लॅस्टिक रेनडिअरचा नियम' असे नाव ठेवले. जर्सी सिटीने हा धडा चांगला गिरवला. खटला हरल्यावर सिटी हॉलसमोरच्या देखाव्यात त्यांनी सांताक्लॉज आणि फ्रॉस्टी नावाचा हिममानव आणून उभा केला, आणि १९९९ मध्ये वरच्या कोर्टाने तो सुधारित देखावा मान्य केला. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश होते सॅम्युएल ॲलिटो, जे पुढे सुप्रीम कोर्टात गेले. तर अशा या गर्दीत एक पणती वाढवायला नगरपालिकेला कायद्याची अडचण नाही आणि खर्च तर नाहीच. शंभरेक डॉलरचे लाडू आणि एक फ्रेम. कुठल्याही राजकारण्याला इतक्या स्वस्तात इतक्या मतदारांसमोर हात जोडून उभे राहता येत नाही!

सुट्टीला थोडा खर्च आहे, पण तो नगरपालिकेच्या खिशातून जात नाही. न्यू जर्सीत शाळेला वर्षाचे १८० दिवस भरावेच लागतात, म्हणून सुट्टी वाढली की वर्ष जूनमध्ये लांबते. आणि शाळा बंद असली तरी ऑफिस बंद नसते. तुम्ही-आम्ही 'वर्क फ्रॉम होम' सांगून करंज्या तळतो. तासावर काम करणारी आई मात्र त्या दिवशी एक तर मजुरी सोडते किंवा कोणाला तरी पैसे देऊन मूल सांभाळायला ठेवते. याचा विचार सुट्टीच्या मागणीअर्जात एकदाही आला नव्हता. असो.

आता दुसऱ्या ठरावाकडे येऊ. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत. आपापल्या हद्दीत काय बांधू द्यायचे हे त्या ठरवतात. साठ-सत्तरच्या दशकात अनेक उपनगरांनी अशी झोनिंग केली की मोठ्या प्लॉटवर एक-एक घर सोडून दुसरे काही उभेच राहू नये. फिलाडेल्फियाजवळचे माउंट लॉरेल हे त्यांतलेच एक. एथेल लॉरेन्स यांचे काळे कुटुंब तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्यांच्याच मुलाबाळांना गावात परवडेल असे घर मिळेना. त्या कोर्टात गेल्या. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये आणि पुन्हा अधिक कडक शब्दांत १९८३ मध्ये सांगितले की प्रत्येक गावाने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. १९८५ मध्ये त्याचा कायदा झाला. प्रत्यक्ष माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्स यांच्या नावाची घरे उभी राहायला मात्र २००० साल उजाडले. तोपर्यंत त्या हयात नव्हत्या.

मार्च २०२४ मध्ये या कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाचा वाटा नव्याने काढला गेला. राज्यभरात मिळून सुमारे ८५ हजार नवी घरे. गावागावाचे आकडे जाहीर झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे आपण आकाशकंदील लावत होतो तेव्हा. गावाने आपला आकडा ठरावाने स्वीकारण्याची मुदत होती ३१ जानेवारी २०२५. म्हणजे चर्चा, बैठका, वाटाघाटी सगळ्या थँक्सगिव्हिंग ते संक्रांत या काळात. पुढची मोठी मुदत होती १५ मार्च २०२६, त्यासाठीची झोनिंग बदलायची. तीही तयारी पुन्हा पुढच्या सणांच्या हंगामातच. हा कोणाचा डाव होता असे मी म्हणत नाही. पण लोक सुट्टीच्या तयारीत असताना सभागृह रिकामे असते, हे कौन्सिलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आमच्याकडे त्या काळातल्या एका बैठकीला मी गेले होते. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधले काहीतरी पडत होते. माणसे पंचवीस-तीस, त्यांत आपले सात-आठ. मला बरे वाटले. मग एकेक जण माइकपाशी जाऊ लागला. ट्रॅफिक वाढेल. पार्किंग कुठे आहे? शाळा आधीच भरल्यात. घरांच्या किमती पडतील. गावाचे 'कॅरॅक्टर' बदलेल. हे शेवटचे वाक्य एका मराठी गृहस्थांचे. आठ वर्षांपूर्वी ते आमच्या गावात आले, मंडळाच्या नाटकांत ते फार छान काम करतात, आणि माणूस म्हणून खरेच सज्जन आहेत. मी खुर्चीत बसून विचार करत होते की गावाचे कॅरॅक्टर हा शब्द मी याआधी कुठे ऐकला?

कुठे नाही ऐकला! आपल्या देवळांच्या प्रत्येक सुनावणीत तो असतो. शेजारच्या सॉमरसेट काउंटीतल्या बर्नर्ड्स टाउनशिपचे उदाहरण घ्या. ते देऊळ नव्हे, मशीद होती. तिथल्या मुस्लिम रहिवाशांनी अर्ज केला आणि प्लॅनिंग बोर्डापुढे ३९ सुनावण्या झाल्या. जवळजवळ चार वर्षे. वाद कशाचा, तर पार्किंगचा. साध्या नियमाने ५० जागा पुरल्या असत्या, बोर्डाने १०७ मागितल्या. २०१५ च्या डिसेंबरात अर्ज फेटाळला गेला. २०१६ च्या ३१ डिसेंबरला फेडरल न्यायाधीशांनी बोर्डाचा हा पार्किंगचा न्याय चुकीचा ठरवला. चर्च आणि सिनेगॉगला एक माप आणि मशिदीला दुसरे, असे चालणार नाही. २०१७ मध्ये सव्वातीन मिलियन डॉलर देऊन टाउनशिपने तडजोड केली. ही सगळी भाषा पार्किंगची आणि ट्रॅफिकची होती. त्यातली एकही तक्रार वरवर पाहता धर्माबद्दल नव्हती. तशीच परवडणाऱ्या घरांबद्दलची एकही तक्रार वरवर पाहता गरिबांबद्दल किंवा काळ्या लोकांबद्दल नसते.

ती मंडळी वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. भीती खरी आहे. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या पुढे गेला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक शाळांना जातो. आयुष्याची सगळी बचत ज्या एका घरात अडकली आहे त्याची किंमत पडेल असे कोणी सांगितले तर झोप उडणारच. पण आपण बहुतेक जण आकड्यांवर पोट भरणारे लोक आहोत, मग आकडे बघू. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलमधल्या त्याच एथेल लॉरेन्स घरांचा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये त्यावर पुस्तक काढले. नुसते 'आधी आणि नंतर' असे न बघता त्यांनी शेजारच्या सारख्या गावांशी तुलना केली. म्हणजे कंट्रोल ग्रुप होता, आपल्याला आवडतो तसा. निष्कर्ष: गुन्हे, घरांच्या किमती आणि टॅक्स यांपैकी कशावरही त्या घरांचा परिणाम दिसला नाही. ज्या कुटुंबांना घरे मिळाली त्यांचे जगणे मात्र सुधारले, मुलांना चांगल्या शाळा मिळाल्या. एकाच ठिकाणचा अभ्यास आहे, हे मान्य. पण समोरच्या बाजूला तेवढाही पुरावा नाही, नुसते 'असे होणारच' आहे.

आणि ही घरे मिळणार तरी कोणाला? कायद्याच्या व्याख्येत त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारे कुटुंब 'मध्यम' आणि ५० टक्क्यांच्या आतले 'कमी' उत्पन्नाचे. आमच्या भागात चार माणसांच्या कुटुंबाचे मधले उत्पन्न सव्वा लाख डॉलरच्या बरेच वर आहे. आता एनआयएचचा पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचा स्टायपेंड पाहा: २०२४ साठी ६१,००८ डॉलर. बायकोला किंवा नवऱ्याला व्हिसामुळे काम करता येत नाही, दोन मुले. उत्पन्नाच्या हिशेबाने हे कुटुंब सरळ 'कमी उत्पन्न' गटात बसते. पुण्याहून नाहीतर नागपूरहून पीएचडी करून आलेला, हातात पिपेट धरलेला तो मुलगा म्हणजे या घरांचा अगदी ठरलेला रहिवासी. आपल्यातल्या कितीतरी जणांची पहिली वर्षे याच पगारावर गेली. याखेरीज आपल्या आईवडिलांकडे येणारी होम हेल्थ एड आहे, किराणा दुकानातली काउंटरवरची मुलगी आहे, आपली मुले सांभाळणाऱ्या मावशी आहेत, ज्या तीन जणींत एक खोली करून राहतात आणि रविवारी रात्री व्हॅनमधून येऊन शनिवारी परत जातात. आपण त्यांना मावशी म्हणतो, दिवाळीला साडी देतो. त्या आपल्या गावात राहायला आल्या तर गावाचे कॅरॅक्टर बदलते!

विरोधच करायचा तर करण्याजोग्या गोष्टी आहेत. बिल्डर शंभरातली पंधरा-वीस घरे परवडणारी ठेवतो आणि बाकीची ऐंशी-पंच्याऐंशी महागात विकतो; शेते आणि झाडी जातात ती मुख्यतः त्या ऐंशीसाठी. त्यापेक्षा गावाने जमीन देऊन ना-नफा संस्थेकडून शंभर टक्के परवडणारी घरे बांधून घ्यावीत, तीही जिथे बस आणि दुकाने आहेत तिथे, असा आग्रह धरता येतो. तो आकडा स्वीकारण्याच्या आणि झोनिंग बदलण्याच्या काळातच धरावा लागतो. नंतर बुलडोझर आल्यावर ग्रुपवर चिडून उपयोग नसतो.

आपल्याला वेळ नसतो, नगरपालिकेचे कामकाज कळत नाही, ही सबब मी मानत नाही. २०१७ चा डिसेंबर आठवा. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर दहा हजारांची मर्यादा १ जानेवारी २०१८ पासून लागू होणार, असे ठरले. (ती मर्यादा २०२५ मध्ये पुष्कळ वाढवली गेली.) ख्रिसमसच्या आठवड्यात टॅक्स कलेक्टरच्या खिडकीसमोर पुढच्या वर्षाचा टॅक्स आगाऊ भरायला ही रांग लागली. मीही त्या रांगेत उभी होते. पुढे-मागे सगळी आपलीच माणसे. कोण कितवी तिमाही भरतो आहे, आयआरएसने कालच काय खुलासा केला आहे, 'असेस' झालेला टॅक्स म्हणजे नेमके काय, यावर इतकी सखोल चर्चा चालली होती की खिडकीपलीकडच्या बाई थक्क झाल्या. कायद्याचा बारीक टाइप आपल्याला व्यवस्थित वाचता येतो.

तिकडच्या महापालिकांबद्दल मात्र आपले मत तयार असते. पुण्याच्या रस्त्यांवर आणि नदीकाठावर आपण तासभर बोलू शकतो. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे महापालिका वर्षानुवर्षे निवडून आलेल्या नगरसेवकांशिवाय प्रशासकाच्या हाती होती, याबद्दल आपल्या कट्ट्यावर फारसे कधी ऐकले नाही. तिथे मत नाही म्हणून हळहळायचे आणि इथे आहे तिथे जायचे नाही, अशी ही गंमत.

बरे, इथे बोलायला मत असावेच लागते असेही नाही. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे कौन्सिलच्या आणि शाळामंडळाच्या प्रत्येक जाहीर बैठकीत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. नाव आणि पत्ता सांगायचा आणि बोलायचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा वर्षे उभ्या असलेल्या माणसालाही ही तीन-चार मिनिटे मिळतात. जानेवारीच्या रिऑर्गनायझेशन मीटिंगमध्ये गावाचा वकील, इंजिनिअर, ऑडिटर नेमले जातात आणि प्लॅनिंग बोर्ड, झोनिंग बोर्ड, लायब्ररी बोर्डाच्या रिकाम्या जागा भरल्या जातात. झोनिंग बोर्डावर सात माणसे असतात. जमिनीचा वापर बदलायचा तर त्यांतली पाच मते लागतात. म्हणजे तिघांनी हात वर केला नाही की विषय संपला. त्या सातांत आपल्यातला एक जण, निदान कागदपत्रे वाचून येणारा, असायला काय हरकत आहे? अर्ज टाउनशिप क्लार्ककडे मिळतो. एका पानाचा असतो. आपल्या व्हिसाच्या फॉर्मांपुढे तो म्हणजे बालवाडी.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. दिवाळीच्या ठरावाचा कागद घ्यायला जे पदाधिकारी जातील त्यांनी त्याच रात्रीची बाकीची बैठक संपेपर्यंत बसावे. लाडूचे डबे आवरून साडेसातलाच निघू नये. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात (ते सर्व बायकांसाठी असते, विधवांसह, हे आपल्या मंचाच्या वाचकांना सांगायला नको) खाली एका ओळीत कौन्सिलच्या पुढच्या बैठकीची तारीख आणि विषयपत्रिकेचा दुवा द्यावा. पहिल्या सूचनेवर हशा झाला. दुसरीवर एकाने विचारले की, यात राजकारण तर येत नाही ना? मी म्हटले, येते. मग थोडी चर्चा झाली आणि तारीख छापायचे ठरले, दुव्याचे पुढच्या वेळी बघू म्हणाले.